ठाण्या-वाशीत चाळीस हजारांच्या आत लॅपटॉप घेताना

ठाणे स्टेशनबाहेरच्या दुकानात जा किंवा वाशीच्या मॉलमध्ये, पहिला प्रश्न येतो 'बजेट किती?' आणि दुसरा 'आय३ दाखवू की आय५?' या दोन प्रश्नांवरच व्यवहार ठरला, तर बहुतेक वेळा चुकीचं मशीन घरी येतं. आपण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या लॅपटॉपमधलं काय पुढे बदलता येईल, आणि काय शेवटपर्यंत असंच राहणार?

एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, बदलता येते. बॅटरी बदलता येते. विंडोज पुन्हा टाकता येतं. मेमरी (रॅम) काही मशीनमध्ये वाढवता येते, काहींत अजिबात नाही. प्रोसेसर बदलतच नाही. स्क्रीन बदलायला मोठा खर्च येतो, आणि कीबोर्ड, बिजागऱ्या, बॉडी जशी मिळाली तशीच वापरायची. तेव्हा हातातले पैसे आधी न बदलणाऱ्या गोष्टींवर घालायचे. उरलेलं वर्षभराने केलं तरी चालतं.

इथे रोजचं काम म्हणजे ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब, एक्सेल, व्हिडिओ कॉल, मुलांचा ऑनलाइन क्लास, अकरावीचे आणि सीईटीचे फॉर्म, सोसायटीचे हिशेब, टॅली, मराठी टायपिंग. गेम, व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडी ड्रॉइंगचं गणित वेगळं असतं, ते यात धरलेलं नाही.

प्रोसेसर: स्टिकर नाही, पूर्ण नंबर वाचा

'आय५ आहे' या दोन शब्दांना काही अर्थ नाही. आय५-७२००यूमध्ये दोनच कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, आहेत, आय५-८२५०यूमध्ये चार, आणि पुढे आलेल्या आय३-१२१५यूमध्ये सहा. म्हणजे नवा आय३ जुन्या आय५ला सहज मागे टाकतो. इंटेलच्या नंबरात रेघेनंतरचा पहिला आकडा, किंवा दहाच्या पुढे पहिले दोन आकडे, पिढी सांगतात: ८२५० म्हणजे आठवी, ११३५ म्हणजे अकरावी, १२१५ म्हणजे बारावी. २०२४ पासून इंटेलने काही नावांतलं 'आय' काढून टाकलं. 'कोअर ३ १००यू' आणि 'कोअर ५ १२०यू' ही त्याच कुळातली नावं, रोजच्या कामाला उत्तम.

एएमडीत फसगत जास्त होते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं जुळ्या भावांसारखी वाटतात. पण या ७००० मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०मधला २ म्हणजे झेन २, मूळची २०१९ची रचना, चार कोअर. ७५३०मधला ३ म्हणजे झेन ३, सहा कोअर. दोघांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर ७५३० घ्या. ७३२० आणि ७५२० या दोघांची आणखी एक अडचण आहे. ते फक्त बोर्डवर सोल्डर केलेली मेमरी चालवतात, त्यामुळे ८ जीबीचं मशीन घेतलं की पुढे ८ जीबीच.

सेलेरॉन एन४०२० किंवा एन४५०० असेल तर किंमत कितीही मोहात पाडो, नाही म्हणा. दोन कोअरवर विंडोज ११ अपडेट होत असतानाच व्हिडिओ कॉल आला की मशीन हँग होतं. इंटेल एन१००मध्ये चार कोअर आहेत. फॉर्म भरणं, मेल आणि व्हिडिओ बघणं एवढ्यासाठी तो चालतो, पण हातात चाळीस हजार असताना एवढ्यावर थांबू नका.

मेमरी: सगळ्यात जास्त पश्चात्ताप इथेच

४ जीबी विसरा. ८ जीबी ही आजची किमान पायरी आहे आणि चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर १६ लागेल. त्या ८मधलेही पूर्ण ८ हाती लागत नाहीत. या किमतीच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, आतलं ग्राफिक्स मेमरीतलाच हिस्सा वापरतं. टास्क मॅनेजरमध्ये ७.३ जीबीच्या आसपास आकडा दिसतो तो यामुळे. विंडोज आणि अँटिव्हायरस उठून बसले की त्यातली निम्मी गेलीच समजा.

म्हणून दुकानात स्पष्ट विचारा: 'दादा, रॅम ऑनबोर्ड आहे की स्लॉट आहे? स्लॉट असेल तर रिकामा आहे का?' उत्तर तीनपैकी एक असतं. सगळी सोल्डर केलेली असेल तर आजच १६ जीबीचं घ्या, नाहीतर ते मॉडेल सोडा. ८ सोल्डर आणि एक रिकामा स्लॉट असेल तर चांगलं, नंतर ८ची स्टिक टाकता येते. दोन स्लॉट असतील तर सर्वोत्तम. दोन सारख्या स्टिक टाकल्या की मेमरी दोन वाटांनी चालते आणि आतल्या ग्राफिक्सचाही वेग वाढतो.

दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. एकाच नावाखाली चार-पाच वेगळी मशीनं विकली जातात, म्हणून खोक्यावरचा पूर्ण मॉडेल कोड टिपून घ्या. लेनोवोच्या पीएसरेफ या संकेतस्थळावर तो टाकला की मेमरी सोल्डर आहे का, स्लॉट किती, स्क्रीन कोणती, बॅटरी किती वॉट-तासांची, हे एका पानावर दिसतं. एचपी आणि डेलच्या सपोर्ट पानांवर त्या-त्या मॉडेलची सर्व्हिस मार्गदर्शिका मिळते, तिच्यात झाकण उघडून दाखवलेली चित्रं असतात.

'नंतर टाकू' म्हणताना भावाकडेही बघा. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव जगभर चढले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली ताकद एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळवली. आधी ८ जीबीच्या स्टिकचा त्या दिवशीचा भाव विचारा. कधीकधी १६ जीबीचं मॉडेलच स्वस्त पडतं.

साठवण आणि स्क्रीन

साठवणीचं थोडक्यात: एसएसडीच हवी, तीही एनव्हीएमई या वेगवान प्रकारची, काढता-घालता येणारी. ५१२ जीबी बरी, २५६वरही भागतं. ५१२ची विंडोजमध्ये ४७६ दिसते, ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, त्यात फसवणूक नाही. 'ईएमएमसी ६४ जीबी' किंवा '१२८ जीबी' लिहिलं असेल तर ती बोर्डवर चिकटलेली संथ साठवण आहे. ६४ जीबीत विंडोजच्या मोठ्या अपडेटला जागाच पुरत नाही. ते मशीन घेऊ नका.

स्क्रीनकडे मात्र वेळ काढून बघा, कारण डोळे तिथेच लागलेले असणार. १९२० बाय १०८० पेक्षा कमी नको. १३६६ बाय ७६८च्या पडद्यावर एक्सेलचे रकाने मावत नाहीत. मग पॅनल कोणता ते तपासा. पांढरं पान उघडा, झाकण हळूहळू मागे-पुढे करा. रंग उलटे-काळपट झाले तर तो टीएन पॅनल. डावी-उजवीकडून, वरून-खालून रंग तसेच राहिले तर आयपीएस किंवा त्याच्या तोडीचा. दोघं शेजारी बसून बघणार असतील तर टीएन नकोच. उजेड २५० निट्सचा घरात पुरतो. खिडकीशी किंवा गॅलरीत बसून काम असेल तर ३०० आणि वर बघा. मॉलच्या झगमगाटात सगळेच पडदे छान दिसतात, म्हणून ब्राइटनेस निम्म्यावर आणून एकदा एक्सेलचं कोरं पान बघा.

आकार ठरवताना रोजचा प्रवास धरा. लॅपटॉप घरीच राहणार असेल तर १५.६ इंची घ्या, त्यात बहुधा वेगळा नंबर पॅड मिळतो आणि टॅलीवाल्यांना तो हवाच असतो. पण ठाणे-वाशी लोकलने रोज ऐरोली, घणसोली किंवा तुर्भे गाठायचं असेल तर १४ इंची आणि दीड किलोच्या आतबाहेरचं मशीन घ्या. गर्दीत आपण बॅग पुढे घेतो, मागून रेटा येतो, आणि बॅगेतला चार्जरचा ठोकळा झाकणाच्या पाठीवर दाबला जातो. पातळ प्लॅस्टिकच्या झाकणाचा पॅनल असाच तडकतो. साध्या वॉरंटीत हे बसत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. झाकणाच्या मधोमध दोन बोटांनी हलकेच दाबून बघा. स्क्रीनवर लाट उठली तर ते झाकण लोकलच्या प्रवासाचं नाही. चार्जर नेहमी वेगळ्या कप्प्यात ठेवा.

पोर्टचंही बघा. सी.ए., वकील आणि टेंडर भरणारे डिजिटल सहीचं टोकन लावतात, त्याला जुना चौकोनी यूएसबी-ए पोर्ट लागतो. असे दोन तरी हवेत. सी-टाइप पोर्ट दिसला म्हणून त्यातून चार्जिंग होईलच असं नाही, काहींत फक्त डेटा चालतो.

रिफर्बिश्ड: चांगलं मशीन, पण तपासून

पंचवीस हजारांच्या आतबाहेर बजेट असेल, तर आमचं मत ठाम आहे: सगळ्यात स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा कंपनीच्या ऑफिसात वापरून परत आलेला, तपासून पुन्हा विकायला ठेवलेला (रिफर्बिश्ड) बिझनेस लॅपटॉप बरा. डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक आणि लेनोवो थिंकपॅड ही मशीनं रोज आठ-दहा तास चालण्यासाठी बांधलेली असतात. बिजागऱ्या धातूच्या, कीबोर्ड चांगला, आणि मागचं झाकण स्क्रू काढून उघडतं. न बदलणाऱ्या गोष्टी इथे आधीच चांगल्या मिळतात, थकलेल्या बदलता येतात. थिंकपॅड टी४८०, एलिटबुक ८४० जी५ आणि लॅटिट्यूड ५४२० या तिघांतही मेमरीचे दोन-दोन स्लॉट आहेत. टी४९०मध्ये काही मेमरी सोल्डर आणि एकच स्लॉट.

रेषा कुठे ओढायची? इंटेलच्या आठव्या पिढीवर. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलमध्ये, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनच चालतं, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवरही जुगाड करून विंडोज ११ टाकून देतात. ते चालतं, पण पुढचं मोठं अपडेट मिळेलच याची हमी नसते. एएमडीत रायझन ४०००च्या खाली उतरू नका. जमलं तर दहावी-अकरावी पिढी घ्या.

स्टेशनजवळच्या दुकानात 'सगळं ओरिजिनल आहे, बिनधास्त घेऊन जा' असं म्हणतील. तरी सोबत पेनड्राइव्ह, इयरफोन आणि मोबाइलचा हॉटस्पॉट घेऊन जा, अर्धा-पाऊण तास काढा आणि दिवसाउजेडी बघा.

मशीन बंद असताना सुरुवात करा. टेबलावर ठेवा, चारही कोपरे टेकतात का? टचपॅड वर आलाय का, झाकण एका बाजूने उघडं राहतं का? तसं असेल तर आतली बॅटरी फुगली आहे, ते मशीन चार्जही करू नका. खालचे स्क्रू सगळे आहेत का, बिजागरीपाशी चीर आहे का ते बघा. पोर्टमध्ये टॉर्च मारा. खाडीकाठच्या दमट हवेत पडून राहिलेल्या मशीनच्या पोर्टमध्ये हिरवट-पांढरा गंज दिसतो, आणि तो पुढे बोर्डपर्यंत जातो. एंटरचं बटण उंच आणि उलट्या एलसारखं असेल, किंवा अक्षरांवर स्टिकर चिकटवलेले असतील, तर कीबोर्ड परदेशी मांडणीचा आहे. सवय होईलही, पण किंमत कमी करून मागा.

मग सुरू करताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचं सेटिंगचं पान, उघडा: डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१. पासवर्ड मागितला आणि दुकानदाराकडे तो नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. आत सिरियल नंबर दिसतो, तो खालच्या स्टिकरशी जुळवा. जुळला नाही तर बोर्ड बदललेला आहे. सुरक्षा विभागात 'अॅब्सोल्यूट' किंवा 'कॉम्प्युट्रेस' सक्रिय दिसलं तर मशीनवर अजून जुन्या मालकाची पकड आहे, घेऊ नका.

यापेक्षा मोठी अडचण विंडोजमध्ये दडलेली असते आणि ती दुकानात सहसा कोणी तपासत नाही. अनेक कंपन्या आपले लॅपटॉप क्लाउडवर नोंदवतात आणि विकताना ती नोंद काढायची राहून जाते. दुकानात सगळं सुरळीत दिसतं. सहा महिन्यांनी तुम्ही मशीन रिसेट करता, वाय-फाय जोडता, आणि पडद्यावर त्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला जातो. पुढे जाता येत नाही. उपाय एकच: विकत घेण्याआधी त्यांना मशीन रिसेट करायला सांगा आणि सुरुवातीची मांडणी तुमच्या हॉटस्पॉटवर करा. रिसेटला वेळ लागतो. तेवढी सवड नसेल तर बिलावर 'कंपनी लॉक निघाल्यास पूर्ण पैसे परत' असं लिहून घ्या आणि त्याच रात्री घरी रिसेट करा.

विंडोज सुरू झालं की बॅटरीचा अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी लिहा, एक जागा सोडा, तिरपी रेघ आणि तिला लागूनच बॅटरीरिपोर्ट लिहा, हे सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत (powercfg /batteryreport). फाइल कुठे साठवली ते तिथेच दिसतं, ती ब्राउझरमध्ये उघडते. मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता यांची तुलना करा. ५० वॉट-तासांची ३५च्या खाली गेली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. टी४८०मध्ये दोन बॅटऱ्या असतात, अहवालात दोन्ही वाचा. स्वस्त नकली बॅटरी चुकीचे आकडे दाखवते, म्हणून चार्जर काढून वीस मिनिटं पूर्ण ब्राइटनेसवर व्हिडिओ चालवा. तेवढ्यात २० टक्के उतरली तर दीड-पावणेदोन तासांचीच बॅटरी समजा.

तो व्हिडिओ चालू असतानाच बाकीचं उरका. पेनड्राइव्ह प्रत्येक पोर्टमध्ये लावा, नोटपॅडमध्ये प्रत्येक बटण दाबा, कॅमेरा, माइक आणि इयरफोन बघा, पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून डाग शोधा. पेनड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर नेलंत तर एसएसडीची प्रकृती टक्क्यांत दिसते. काही हजार तास चाललेली पण ९० टक्क्यांवर असलेली नामांकित एसएसडी चांगली. शून्य तासांची अनोळखी नावाची एसएसडी म्हणजे मूळची काढून स्वस्तातली घातली आहे.

विंडोज असली आहे का? कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, जागा, तिरपी रेघ आणि एक्सपीआर लिहा (slmgr /xpr). कायमचं सक्रिय असेल तर तसा संदेश येतो. मुदतीची तारीख दिसली, तर ते १८० दिवसांच्या हिशेबाने चालणारं, मोठ्या संस्थांच्या पद्धतीचं सक्रियीकरण आहे आणि घरच्या मशीनवर ते बहुधा बेकायदा जुगाडाने केलेलं असतं.

चार्जर विसरू नका. वॉट मूळ मशीनइतके हवेत, बहुतेकांना ६५, आणि त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह व आर-ने सुरू होणारा नोंदणी नंबर हवा. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन मशीनला ओळख सांगते. नकली चार्जर लावला की सुरू होताना इशारा येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालतो. असा लॅपटॉप अनेकजण 'स्लो झाला' म्हणून दुरुस्तीला टाकतात. टी४८० घेतलात तर थंडरबोल्टचं फर्मवेअर, म्हणजे सी-टाइप पोर्ट सांभाळणारं आतलं सॉफ्टवेअर, लगेच अपडेट करा. जुन्या फर्मवेअरमधल्या दोषाने त्याचा सी-टाइप पोर्ट चार्जिंगसकट बंद पडू शकतो.

स्वस्त मिळेल म्हणून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडला जाणारे बरेच आहेत. सुट्या भागांसाठी जरूर जा. पण रिफर्बिश्ड मशीन घेऊन एक-दोनदा परत दुकानात जावं लागतंच, तेव्हा हजारभर जास्त देऊन ठाण्यात किंवा वाशीत घेतलेलं परवडतं.

बिल आणि हप्ते

पक्कं बिलच घ्या, आणि त्यावर सिरियल नंबर छापलेला हवा. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागता येत नाही, आणि चोरीचं मशीन निघालं तर तुमच्याकडे काहीच पुरावा नसतो. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमचा धंदा नोंदणीकृत असेल तर स्वतःचा जीएसटी नंबर बिलावर घाला. 'नो कॉस्ट' हप्त्यांतही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी द्यावा लागतो, तो आधी विचारा. ऑनलाइन घेत असाल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात सील आणि सिरियल नंबर दोन्ही दिसू द्या. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवता येते.

पहिल्या संध्याकाळी

नव्या मशीनसोबत ऑफिस मिळत असेल तर ते पहिल्याच आठवड्यात तुमच्या स्वतःच्या ईमेलवर सक्रिय करा, दुकानदाराच्या नाही. मिळत नसेल तर लिबरऑफिस मोफत आहे, घरच्या कामाला पुरतं. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की फोनेटिक आणि इनस्क्रिप्ट दोन्ही कीबोर्ड मिळतात, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. लॅपटॉप दिवसभर प्लगलाच राहणार असेल तर कंपनीच्या अॅपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. लेनोवोत याला कॉन्झर्वेशन मोड म्हणतात.

आणि एक काम त्याच रात्री करा. विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की अनेक मशीनवर सगळी डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे बायोस अपडेट झालं किंवा बोर्ड बदलला की ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर सर्व्हिस सेंटरलाही फोटो आणि कागदपत्रं परत काढता येत नाहीत. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर ती की सापडते. ती वहीत उतरवा, आकडे दोनदा ताडून बघा, आणि वही पक्क्या बिलासोबत कपाटात ठेवा.